नारूचा उन्हाळा

चैत्र लागला की माझा डावा घोटा खाजू लागतो. डॉक्टर म्हणतात, काही नाही, जुना व्रण आहे, उन्हाळ्यात कातडी कोरडी पडते. व्रण कशाचा हे त्यांनी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी कागदावरून नजर उचलून माझ्याकडे बघितलं असतं. मान जराशी मागे गेली असती, नाकपुड्या आखडल्या असत्या. ते बघणं मी लहानपणापासून ओळखते. किळस डॉक्टरांनाही येते.

मावळ म्हटलं की लोकांना पाऊसच आठवतो. पुण्या-मुंबईची माणसं तेवढ्यासाठीच लोणावळ्याला येतात, भिजतात, चिक्कीचे पुडे घेतात आणि परत जातात. आमचा उन्हाळा बघायला कोणी येत नाही. होळी झाली की डोंगर पिवळे पडतात, मग तांबूस, मग वणव्यांनी काळे. इंद्रायणीच्या पात्रातले गोटे उघडे पडतात आणि गोट्यांमधल्या डबक्यांवर हिरवी साय धरते. शेतकरी राब भाजतात, म्हणजे भाताची रोपं टाकायच्या जागेवर शेण, पाला, टहाळ्या पसरून पेटवून देतात. तो धूर वाऱ्याबरोबर खाली तळेगावापर्यंत येतो. मी ज्या शाळेत शिकवते तिथल्या मुली खिडकीशी जाऊन तो वास छाती भरून घेतात. माझ्या तोंडाला मात्र पाणी सुटतं, आणि ते ओकारीच्या आधी सुटतं तसलं.

एवढा पाऊस पडणाऱ्या मुलखात वैशाखात प्यायला पाणी नसतं, हे बाहेरच्या माणसाला पटत नाही. डोंगरावरचं पाणी डोंगरावर राहत नाही, सगळं खाली धावत जातं. मागे राहतात त्या जुन्या पायऱ्यांच्या विहिरी, आणि त्यांच्या तळाशी गढूळ, गार, शेवाळलेलं पाणी. दगडी पायऱ्या उतरून थेट पाण्यात पाय घालता येतो. माझं आजोळ नाणे मावळात होतं आणि तिथे अशीच विहीर होती. नऊ वर्षांची असताना सुट्टीत मी त्या पाण्यात पाय सोडून बसायची आणि त्याच पाण्याची ओंजळ भरून प्यायची. इतकं गार पाणी मी नंतर कधी प्याले नाही.

पुढच्या उन्हाळ्यात, तळेगावला घरी असताना, घोट्यावर फोड आला. निखारा ठेवल्यासारखी आग व्हायची. फोड फुटला आणि त्यातून एक पांढरा दोरा डोकावला. मी तो ओढायला गेले तर आईने हातावर फटका मारला. मी दचकून बघितलं, तर ती मला मारून स्वतःच रडत होती.

नारू म्हणजे काय हे आता शहरातल्या मुलांना समजावून सांगावं लागतं. तो हाताभराहून लांब किडा असतो. वर्षभर माणसाच्या अंगात वाढतो आणि उन्हाळ्यात कातडी फोडून बाहेर येतो. तो एकदम ओढून काढता येत नाही. शेवंतामावशी म्हणून एक बाई नारू काढायची. ती रोज सकाळी यायची, काडीला कापूस गुंडाळून त्यावर त्याचं टोक घ्यायची आणि जेवढा सहज येईल तेवढाच गुंडाळायची. "दम धर बाय," ती म्हणायची, "तुटला तर पाय सडंल." मग ती काडी पायालाच बांधून जायची आणि मी दिवसभर ती काडी घेऊन वावरायची. वर्गात माझ्या बाकावरची मुलगी उठून दुसरीकडे बसली. घरी आईने माझं ताट-वाटी वेगळं केलं. तिची माया कमी नव्हती, रात्री माझा पाय मांडीवर घेऊन ती वारा घालायची. पण माझं ताट उचलताना पदर नाकाला लावायची.

मी प्राणिशास्त्र घेतलं ते त्या पांढऱ्या दोऱ्यासाठी. तो माझ्या अंगात शिरला कसा, एवढंच मला समजून घ्यायचं होतं. बी.एस्सी. झाले आणि पुढच्या संशोधनासाठी सरांकडे गेले. त्यांचं नाव सांगत नाही. ते आता नाहीत.

पहिल्या भेटीत त्यांनी गुण विचारले नाहीत. "हाच विषय का?" एवढंच विचारलं. मी अडखळत नारूचं सांगितलं. सर खुर्चीत पुढे सरकले. "कुठे? कुठल्या पायाला?" मी घोटा दाखवला. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या घोट्याकडे कोणी तोंड वाकडं न करता बघत होतं. त्यांचे डोळे चमकत होते. मला वाटलं, हा माणूस देव आहे.

"पुस्तकात बघून विषय निवडणारी मुलं मला नकोत," सर म्हणाले. "ज्याचं स्वतःचं काहीतरी गेलंय, असा विद्यार्थी मला हवा असतो. तोच शेवटपर्यंत टिकतो."

त्यांच्याकडे आधीच एक मुलगा होता, विनायक. शाळेत असताना त्याचे वडील विषमज्वराने गेले होते आणि तो पाण्यातल्या जंतूंवर काम करत होता. विनायक हुशार होता, अक्षर मोत्यासारखं. आपल्या वडिलांचं आजारपण तो इतक्या व्यवस्थित सांगायचा की ऐकताना त्यात कुठे बोट घालायला जागा सापडायची नाही. ही कला त्याने कुठून उचलली ते मला सरांचं व्याख्यान ऐकल्यावर कळलं.

सरांची आई प्लेगात गेली होती, आणि ते दर व्याख्यानात सांगायचे. घर सोडून सगळे माळावर झोपड्यांत राहायला गेले, आणि गाठ आलेल्या आईला घरातच ठेवून कोणीतरी बाहेरून कडी घातली. ती आतून पाणी मागत होती. "आणि मी..." असं म्हणून सर थांबायचे. चष्मा काढायचे, रुमालाने पुसायचे. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा रडले. दुसऱ्यांदाही डोळे पुसले. त्यानंतर केव्हातरी माझ्या लक्षात आलं की "आणि मी" म्हणायच्या आधीच सरांचा हात रुमालाच्या खिशात गेलेला असतो.

त्या उन्हाळ्यात आमचा मुक्काम लोणावळ्याला होता. सरांच्या ओळखीच्या एका मुंबईकर शेटजींचा बंगला रिकामा होता. मागच्या आउटहाउसमध्ये आम्ही टेबलं मांडली, सूक्ष्मदर्शक ठेवले, खिडकीत बाटल्यांच्या रांगा लावल्या. बंगल्यापलीकडे चिक्कीचा कारखाना होता. दिवसभर उकळत्या गुळाचा वास यायचा आणि त्यात आमच्या बाटल्यांतल्या शेवाळाचा कुजका वास मिसळायचा. लोणावळ्याच्या इतक्या जवळ राहून मला आजही चिक्की तोंडात घालवत नाही.

काम असं होतं. कामशेतच्या वरच्या अंगाला डोंगरात दोन ठाकरवाड्या होत्या, खालची आणि वरची. दोन्हीकडे पायऱ्यांची विहीर, दोन्हीकडे दर उन्हाळ्याला नारू. आधी दोन्ही विहिरींच्या पाण्याचे नमुने घ्यायचे, त्यात नारूची अळी पोटात बाळगणारे जलकिडे किती ते बघायचं. मग विहिरींत चुना टाकायचा, पायऱ्या बांधून बंद करायच्या आणि वरून दोराने पाणी शेंदायची सोय करायची. सरांनी मला हे असंच सांगितलं होतं. चुना लवकरच येतोय, म्हणाले होते.

सूक्ष्मदर्शकाखाली तो जलकिडा मी पहिल्यांदा बघितला तेव्हा खरं सांगायचं तर मला तो सुंदर वाटला. नासपतीच्या आकाराचं पारदर्शक अंग, कपाळावर एकच तांबडा डोळा, शेपटीला अंड्यांच्या दोन पिशव्या झुमक्यांसारख्या लोंबत्या. मग मी भिंग जरा सरकवलं, आणि त्या काचेसारख्या पोटात वेटोळं करून पडलेली अळी दिसली. हलत होती. मी ओंजळीने काय प्याले होते ते इतक्या वर्षांनी मला दिसलं. मी बाहेर जाऊन कढीपत्त्याच्या झाडाखाली ओकले. आत आले तर विनायक सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून म्हणत होता, "काय सुरेख आलंय हे!"

वरच्या वाडीत मी एक दिवसाआड जायची. कामशेतला उतरून डोंगर चढायचा. करवंदीच्या जाळ्यांतून पोरांची जांभळी तोंडं बाहेर यायची. तिथे चांगुणाशी ओळख झाली. ती माझ्याच वयाची होती, पण तिला सोनी नावाची चार-पाच वर्षांची मुलगी होती. मला बाटल्या भरताना बघून ती हसायची.

"लोनावळ्यात पानी न्हाई व्हय गं ताई? हितनं बाटल्या भरून न्हेतीस ती?"

"तपासायला नेते."

"पान्याला काय झालंय तपासाया? ताप आलाय का काय त्येला?" असं म्हणून ती डोक्यावर हंडा चढवून पायऱ्या चढून जायची.

सरही दोनदा वर आले. वाडीतल्या लोकांनी घोंगडी अंथरली, ताक आणलं. सर म्हणाले, "पित्ताचा त्रास आहे मला." मग पिशवीतून स्वतःचा थर्मास काढला आणि त्या घोंगडीवर बसून, त्या सगळ्यांच्या देखत, लोणावळ्याहून उकळून आणलेलं पाणी प्याले. मला घाम फुटला. ताकाचा पेला धरून उभ्या राहिलेल्या चांगुणाच्या म्हाताऱ्या सासऱ्यांना, आबांना मात्र त्यात वावगं वाटलं नाही. साहेब लोकांना पित्त असतंच, असं त्यांच्या तोंडावर होतं.

मधे एक परदेशी पाहुणा आला. सरांनी बंगल्याच्या व्हरांड्यात चहा ठेवला. विनायकने बाटल्या दाखवल्या, मी तक्ते दाखवले. मग सर माझ्या खांद्यावर हात ठेवून पाहुण्याला म्हणाले, "अवर ओन गिनी-वर्म गर्ल." गिनी-वर्म म्हणजे नारू. आणि मला मराठीत म्हणाले, "शालिनी, दाखव."

मला क्षणभर कळलं नाही काय दाखवायचं ते. मग कळलं. मी पातळाची किनार वर घेतली. पाहुण्याने कप खाली ठेवला, वाकला आणि व्रणावर बोट दाबून बघितलं. "वंडरफुल," तो म्हणाला. माणूस भला होता, वाईट हेतू काही नव्हता. सरळ झाला आणि त्याच बोटांनी बशीतलं बिस्कीट उचलून चहात बुडवलं. माझी नजर त्या बोटावरून हलेना. लहानपणी बाकावरून उठून गेलेल्या मुलीचा मला इतका राग कधी आला नव्हता. ती मला घाणेरडी समजून निदान दूर तरी गेली होती.

पाहुणा गेल्यावर विनायक कपबशा आवरत म्हणाला, "तू नशीबवान आहेस. माझ्या वडिलांचं दाखवण्यासारखं काही उरलेलंच नाही." तो थट्टा करत नव्हता. त्याला खरोखर हळहळ वाटत होती.

वैशाखाच्या सुरुवातीला चुना आला. बैलगाडीतून पोती खालच्या वाडीला गेली, गवंडी आले, पायऱ्यांवर भिंत चढली. पुढच्या आठवड्यात मी वरच्या वाडीला जायच्या तयारीने विचारलं, "सर, वरचा चुना कधी?"

"वरची वाडी तशीच राहील," सर लिहिता लिहिता म्हणाले.

"म्हणजे?"

"म्हणजे आहे तशी. एकीकडे बदल करायचा, दुसरीकडे नाही. पुढच्या उन्हाळ्यात दोन्हीकडे मोजायचं. तुलना नको का? नुसतं एका वाडीचं सांगितलं तर कोण छापेल?"

"पण सर, ते लोक ते पाणी पितायत."

"पिढ्यान्पिढ्या पितायत. आपण आलो म्हणून प्यायला लागले नाहीत." त्यांनी मान वर केली. आवाज मऊ होता. "एक वर्षाचा प्रश्न आहे. पुढच्या वर्षी तिथेही चुना टाकू."

"मग निदान फडक्याने गाळून प्या एवढं सांगू का? नुसतं गाळलं तरी..."

"ते तू सांगायचं नाहीस. तू सांगितलंस की आकडा बिघडला. आणि हे सगळं कोणासाठी चाललंय? तुझ्याच प्रबंधासाठी ना?"

विनायक तिथेच होता. बाहेर आल्यावर मला म्हणाला, "नंतर टाकूच की चुना. एवढं काय मनाला लावून घेतेस?" बोलताना तो चिक्कीचा तुकडा चघळत होता, आणि त्याच्या दातांत गूळ ताणला जात होता. एखादा माणूस सूक्ष्मदर्शकाखाली घातल्यासारखा मला स्पष्ट दिसत होता, आणि ते बघवत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटीच वर गेले. विहिरीवर बायकांची गर्दी होती. अगदी खालच्या पायरीवर आबा बसले होते. त्यांच्या गुडघ्याखाली नारू फुटला होता. आग शांत करायला त्यांनी तो पाय पोटरीपर्यंत पाण्यात सोडला होता आणि त्यांच्या बाजूलाच चांगुणा हंडा बुडवत होती. त्या पायातून नारूच्या अळ्या पाण्यात सुटत होत्या, जलकिडे त्या गिळत होते आणि तेच पाणी हंड्यात जात होतं. इतके दिवस मी हे बघत होते आणि चुना येणार म्हणून धीर धरत होते. आता चुना येणार नव्हता.

मी बाटली भरली, उन्हात धरली आणि चांगुणाला हाक मारली. "हे बघ. पांढरे ठिपके हलतायत ना, ते किडे आहेत. त्यांच्यातून नारू होतो."

तिने बघितलं. कपाळाला आठी पडली. "तुज्या बाटलीतच घान आसंल."

"बाटली स्वच्छ आहे. पाण्यातलेच आहेत."

"म्हंजी आमी किडं पितो म्हंतीस?" तिचा आवाज चढला. बाकीच्या बायका वळून बघू लागल्या. "आमी ठाकरं म्हून किडं खातो-पितो, आसं वाटतंय व्हय तुला? लय शिकलीस म्हून?"

सरांकडे शिकलेलं सगळं, तक्ते, इंग्रजी नावं, काही तोंडात येईना. हंडा कमरेवर घेऊन ती निघालीच होती. मी तिथेच पायरीवर बसले आणि पातळ घोट्यावरून वर सारलं.

"हे बघ. मला झाला होता. मी नऊ वर्षांची होते. मामाच्या गावाला अशीच विहीर होती. मी प्याले, म्हणून मला झाला."

चांगुणा थांबली. हंडा खाली ठेवून माझ्यासमोर बसली. तिने व्रणाला हात लावला नाही, नुसतं निरखून बघितलं.

"लय दुखलं आसंल," ती म्हणाली.

सरांनी कुठला पाय ते विचारलं होतं, पाहुण्याने बोट दाबलं होतं. दुखलं असेल, हे आजवर कोणी म्हटलं नव्हतं. माझे डोळे भरून आले आणि त्याची मला लाज वाटली नाही.

मग मी तिचाच काळा पदर दुहेरी करून रिकाम्या कळशीच्या तोंडावर धरला आणि तिला हंडा ओतायला लावलं. पाणी गळून गेल्यावर पदर उन्हात पसरला. काळ्या कापडावर पांढरे बारके कण वळवळत होते. चांगुणा वाकून बघत राहिली. एकदम तोंडावर हात धरून बाजूच्या निवडुंगापाशी पळाली आणि भडभडून ओकली. परत आली तेव्हा तोंड पांढरं पडलं होतं.

"सकाळी पोरीला ह्येच पाजलं गं," ती म्हणाली. "तांब्या भरून पाजलं." मग तिने विहिरीकडे तोंड करून हाळी दिली, "आबा! पाय काडा पान्यातनं!"

"आगं, आग व्हतीया पायाची."

"मंग बादलीत घ्या पानी आन भाईर बसा! आमी ह्येच पितो न्हवं?"

आबा कुरकुरत वर आले. काही बायकांनी त्याच दिवशी हंड्यावर फडकं बांधलं. काहीजणी हसल्या, फडक्याने काय व्हतंय म्हणाल्या. आबांनी तर गाळलेलं पाणी प्यायचं नाही असंच ठरवलं. त्यांना ते बेचव लागायचं.

चार-सहा दिवसांनी विनायक वरच्या वाडीला बाटल्या भरायला गेला आणि हंड्यांवरची फडकी बघून आला. संध्याकाळी सरांनी मला बोलावलं. ते ओरडले नाहीत. "माझा प्रयोग नासवलास तू," म्हणाले. "इतक्या वर्षांत एकाही विद्यार्थ्याने माझ्याशी असं केलं नाही. तुझ्यासारखीनं करावं? जिनं स्वतः भोगलंय?"

"भोगलंय म्हणूनच," मी म्हणाले. "सर, तुमच्या आई आतून पाणी मागत होत्या, तेव्हा बाहेर कोणी तुलनेसाठी उभं असतं तर?"

सरांनी चष्मा काढला. रुमालाने पुसला. बराच वेळ पुसत राहिले. त्यांचे डोळे ओले होते. त्या वेळी ते खरोखर आतून हलले होते की इतक्या वर्षांच्या सवयीने हात खिशात गेला होता, हे मला तेव्हा कळलं नाही आणि आजही सांगता येत नाही. सगळ्या गोष्टीत मला जास्त किळस कशाची येत असेल तर याची. माणसाने आपलं दुःख इतकं वापरावं की शेवटी ते खरं असलं तरी कोणाला ओळखू येऊ नये.

"सामान आवर," ते म्हणाले. त्याच संध्याकाळी मी पुण्याच्या गाडीत बसले आणि तळेगावला उतरले. वडिलांनी एवढंच म्हटलं, "शाळेत विज्ञान शिकवायला जागा आहे, बघ."

दोनेक वर्षांनी सरांचा लेख छापून आला. कोणीतरी मला वाचायला आणून दिला. सुरुवातीलाच एका विद्यार्थिनीच्या बालपणीच्या यातनांचं वर्णन होतं. फोड, पांढरा दोरा, आईने मारलेला फटका. सगळं होतं, आणि ते माझ्याहून सरस लिहिलं होतं. वरच्या वाडीत नारू अपेक्षेपेक्षा कमी आढळला, असंही त्यात होतं, आणि त्याचं कारण म्हणून तिथल्या पाण्याच्या विशेष गुणधर्माची शक्यता वर्तवली होती. फडक्याचा उल्लेख नव्हता. सोबत विनायकचं नाव होतं. मी तो लेख चुलीत घातला नाही की फाडला नाही. परत देऊन टाकला आणि हात साबणाने धुतले.

विनायक आता मोठ्या पदावर आहे. याच वर्षी, होळीच्या सुमारास, आमच्या शाळेत येऊन गेला. केस पांढरे झालेत, बोलणं अजून तसंच आर्जवी. म्हणाला, "आमच्या मुलांपुढे बोल एकदा. हल्लीच्या मुलांपाशी पदव्या आहेत, अनुभव नाहीत. तू तुझा अनुभव सांग."

"माझा अनुभव तुमच्याविषयीचा आहे," मी म्हटलं. "तो सांगू?"

तो हसला. त्याला तो विनोद वाटला. जाताना खरोखरच म्हणाला, "तारीख कळवतो." तो गेल्यावर मी खुर्ची ओल्या फडक्याने पुसली. मुख्याध्यापिका बघत होत्या. त्यांना वाटलं, धूळ असेल.

त्या उन्हाळ्यानंतरच्या उन्हाळ्यात मी वरच्या वाडीला गेले होते, ते अजून सांगायचं राहिलंय. सरांनी सांगितलेला चुना तिथे आलाच नव्हता. बायकांनी स्वतःच पायऱ्यांवर दगड रचून खाली उतरायची वाट अडवली होती आणि दोर लावला होता. मी विचारलं, नारू कोणाला झाला का. नारू दोघांनाच झाला होता. एक आबांना, ते अपेक्षितच होतं. आणि दुसरा सोनीला.

मी चांगुणाच्या झोपडीत शिरले तेव्हा ती सोनीचा पाय मांडीवर घेऊन काडी फिरवत होती. मला बघून तिने मानेनेच बस म्हटलं. "आधीच्या पान्याचा," ती म्हणाली. "फडकं बांदायच्या आदी पाजलं, त्येचा." सोनीचा दुसरा पाय धरून बसले. पोर रडत नव्हती, रडून रडून थकली होती. कित्येक दिवस चाललेलं ते काम त्या दुपारी संपलं. काडी जराशी फिरली आणि शेवटचं टोक सुटून आलं.

"आला," चांगुणा म्हणाली. "आला गं, समदा आला."

तेवढ्यात दारात सावली पडली. विनायक होता. गळ्यात कॅमेरा, हातात स्पिरिट भरलेली रुंद तोंडाची बाटली. मोजायला आला होता. मला बघून चपापला, पण लगेच त्याची नजर काडीवर गेली.

"थांबा, थांबा. तुटला नाही ना? अख्खा आहे? अगदी अख्खा?" तो आत वाकला. "मला हवाय तो. असा पूर्ण नमुना आमच्याकडे नाही."

"कशाला पायजे?" चांगुणाने विचारलं.

"अभ्यासाला. नीट जपून ठेवू आम्ही. पुण्याला, काचेच्या कपाटात."

"माज्या पोरीच्या पायातला? कपाटात?"

"त्याखाली गावाचं नाव लिहू," विनायक समजुतीने म्हणाला.

चांगुणाने त्याच्याकडे बघितलं, मग काडी, कापूस, नारू, सगळं एकत्र चुलीत टाकलं. चुर्र झालं. केस जळल्यासारखा वास झोपडीभर पसरला. "अहो बाई!" विनायक ओरडला आणि रुमाल नाकाला लावून दारात मागे सरला.

चांगुणाने सोनीच्या पायाला हळद आणि तेलाची चिंधी बांधली. राखेने हात खरवडून धुतले, माझ्या हातांवरही राख टाकली, पाणी ओतलं. मग त्याच चुलीपुढे ताट मांडलं. नाचणीची भाकरी आणि करवंदाची चटणी.

"जेव," ती म्हणाली.

वास अजून गेला नव्हता. मला मळमळत होतं. मी भाकरीचा तुकडा मोडला, चटणीला लावला आणि तोंडात घातला. विनायक अजून उंबऱ्याबाहेर उभा होता, फोटो काढावा की निघावं ते त्याला ठरवता येत नव्हतं. चांगुणाचं लक्ष त्याच्या हाताकडे गेलं.

"बाटली चांगली हाय," ती म्हणाली. "आता तुला कशाला? ठिव हितं. तेलाला व्हईल."

विनायकने माझ्याकडे बघितलं. मी जेवत होते. त्याने अंगणात जाऊन स्पिरिट मातीत ओतलं, बाटली झटकली आणि उंबऱ्यावर आणून ठेवली. चांगुणाने माझ्या ताटात दुसरी भाकरी टाकली.